पिशवी वाजत होती, मीच ऐकलं नाही

मी हाताने बांधलेल्या वह्या विकते. पुठ्ठा जाड, कोपरे टोकदार. प्रत्येक वही आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते, मग खोक्यात. त्यामुळे मला पिशवी मऊ आणि जाड लागते. एका वर्षात याच पिशव्यांच्या खरेदीत मी दोनदा फसले. विकणारे वेगळे, थापा वेगळ्या, पण दोन्ही थापा पिशवीच्या एकाच आवाजावर रचलेल्या होत्या. सामान पॅक करून पाठवणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हे येऊ शकतं, म्हणून सगळं सांगते, माझ्या बावळटपणासकट.

पहिली मागणी अशी होती: ३० बाय ४० सेंटिमीटर, एलडी म्हणजे लो डेन्सिटी जातीचं मऊ प्लॅस्टिक, जाडी ५० मायक्रॉन, नग २०००. नमुन्याच्या तीन पिशव्या आल्या त्या अगदी मनासारख्या. हातातून ओघळणाऱ्या, काचेसारख्या पारदर्शक, चुरगाळल्या तरी गप्प. बोटाने ताणली तर फाटण्याआधी चांगली वीतभर लांबायची. मी लगेच होकार कळवला आणि पैसे भरले.

माल आला, गठ्ठा सोडला आणि चुरचुर सुरू झाली. पिशवी दुधी रंगाची, कागदासारखी कडक. फोन केला तर पलीकडून अगदी शांतपणे उत्तर आलं, "ताई, नवा माल आहे. कोरी नोट वाजते की नाही? आठ-दहा दिवसांत आवाज बसेल." उपमा इतकी चपखल होती की मी विचारच केला नाही. उलट मनात आलं, वाजते म्हणजे कडक आहे, कडक म्हणजे मजबूत असणार. तक्रार सात दिवसांत करायची होती. हे बिलाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं आणि मी ते अकराव्या दिवशी वाचलं.

तोवर पहिल्या वह्या परत आल्या होत्या. पुठ्ठ्याच्या कोपऱ्याने पिशवीला बारीक भोक पडलेलं आणि तिथून ती खालपर्यंत सरळ रेघेत उसवलेली, जणू कुणी पट्टी धरून फाडली असावी. मग मी शोधायला बसले. पैसे देण्याआधी हे केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

एलडी आणि एचडी, म्हणजे हाय डेन्सिटी, दोन्ही पॉलिथिलीनच, पिशव्यांचं नेहमीचं प्लॅस्टिक. रासायनिक घटक एकच, फरक आहे तो रेणूंच्या साखळ्यांच्या ठेवणीत. १९३३ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखालच्या एका प्रयोगात अपघातानेच पॉलिथिलीन हाती लागलं, ते या लो डेन्सिटी जातीचं. त्याच्या लांब साखळ्यांना जागोजागी फांद्या फुटलेल्या असतात. काटक्यांची मोळी कितीही आवळली तरी आत पोकळ राहते, तसं हे. १९५३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सीग्लर यांनी असा उत्प्रेरक शोधला की कमी दाबातही सरळसोट साखळ्या तयार व्हायला लागल्या. सरळ साखळ्या झाडूच्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. हे झालं हाय डेन्सिटी. घनतेत फरक फार नाही, साधारण ०.९२ आणि ०.९५. पण कडकपणात तो कितीतरी पटींनी आहे, आणि आवाज त्या कडकपणातून येतो.

पत्र्याच्या डब्याचं बूड अंगठ्याने दाबलं की टक्कन आत जातं, सोडलं की टक्कन बाहेर येतं. चुरगाळलेली कडक पिशवी म्हणजे अशा शेकडो इवल्याशा बुडांचा समूह. प्रत्येक दोन घड्यांमधला लहानसा तुकडा एका बाजूला फुगलेला असतो. हात हलला की तो झटक्यात दुसऱ्या बाजूला पलटतो आणि त्या झटक्याने हवेला धक्का बसतो. असे लहानमोठे टकटक आवाज एकामागोमाग इतके दाट येतात की आपल्याला सलग चुरचुर ऐकू येते. १९९६ साली एरिक क्रेमर आणि अलेक्झांडर लोबकोव्स्की या भौतिकशास्त्रज्ञांनी चुरगाळलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा आवाज मोजून दाखवला होता की तो खरोखर सुट्या टकटकींचाच बनलेला असतो. नाटक चालू असताना गोळीचा कागद हळूहळू सोडणाऱ्या मंडळींनी हे ऐकावं: हळू सोडल्याने टकटक मंद होत नाही, तीच जास्त वेळ पुरते.

एलडीचा तुकडा मऊ असतो. तो झटका न देता वाकतो, ताण आतल्या आत जिरवतो, म्हणून गप्प. अन्न झाकायची पातळ फिल्म याच कारणाने वाजत नाही. बाटलीचं प्लॅस्टिक किंवा सेलोफेन कडक, म्हणून ते खणखणतं. म्हणजे आवाज ऐकून पिशवी किती वजन पेलेल हे कळत नाही. ती किती ताठ आहे एवढंच कळतं.

"आवाज बसेल" या थापेत कणभर खरं होतं, तेच जास्त झोंबलं. सतत वापरून लोळागोळा झालेली पिशवी खरंच कमी वाजते, कारण घड्या वाढून तुकडे बारीक होतात. पण गठ्ठ्यात पडून राहिलेली पिशवी कशाच्या जोरावर मऊ होणार होती?

बरं, एचडी वाईट असते असंही नाही. सामान न्यायच्या हातपिशव्या बहुधा याच एचडीच्या असतात, अगदी पातळ असून भरपूर ओझं पेलतात. धंद्यात त्यांना एचएम म्हणतात. ताणाला मजबूत, पण एकदा भोक पडलं की फिल्म ज्या दिशेने ओढून बनवलेली असते त्या दिशेने सरसर फाटत जाते. टोकदार कोपऱ्याच्या वहीला नेमकी हीच पिशवी नको, आणि मला एलडीच्या नावाखाली हीच आली होती. पिशवीवर मात्र त्रिकोणात ४ हा आकडा छापलेला होता, म्हणजे एलडी. एचडीचा आकडा २. तो त्रिकोण छापताना कुणी आत डोकावून बघत नाही, हे तेव्हा समजलं.

आता जाडीचं. वजनकाटा घेतला. हिशोब शाळेतला आहे: ३० गुणिले ४० म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर, पिशवीला दोन पदर म्हणून २४००. ५० मायक्रॉन म्हणजे ०.००५ सेंटिमीटर. गुणाकार आला १२ घन सेंटिमीटर. त्याला ०.९२ ने गुणलं की ११ ग्रॅम. शंभर पिशव्या १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास भरायला हव्या होत्या. काट्यावर भरल्या ५७० ग्रॅम. सरळ निम्म्या! चार पिशव्या एकावर एक ठेवून, म्हणजे आठ पदर, स्क्रूगेजमध्ये धरल्या तर २०० मायक्रॉन आले. एका पदराचे २५.

पुन्हा फोन. उत्तर ऐकून मी दोन क्षण गप्पच झाले. "पन्नासच आहे की. दोन्ही पदर मिळून." मागणीपत्रात मी फक्त "५० मायक्रॉन" लिहिलं होतं, पदराचा उल्लेख नव्हता. नमुना मात्र एका पदराला ५० चा होता, तो मी जपून ठेवला होता, मोजलाही. त्यावर त्याचं म्हणणं, नमुना हा फक्त आकार दाखवायला असतो.

ही जुनी चलाखी आहे म्हणे. कुणी जाडी गेजमध्ये सांगतं (१०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन) आणि मोठा आकडा ऐकून आपण खूश होतो. किलोवर विकत घेणाऱ्यांना वेगळा सापळा असतो, फिलरचा. प्लॅस्टिकच्या दाण्यात चुनखडीची भुकटी मिसळायची. तिची घनता २.७ च्या आसपास, म्हणून वजन भरतं आणि नग कमी येतात. थोडा फिलर रास्त कारणांसाठीही घालतात, पण तो जास्त झाला की पिशवी खडूसारखी पांढरट दिसते आणि ताणल्यावर लवकर तुटते.

यानंतर मी प्लॅस्टिकवरच रुसले आणि "कंपोस्टेबल", म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्यांच्या मागे लागले. दुसरा विक्रेता जास्त सुशिक्षित होता. नमुना माझ्या कानाशी धरून चुरगाळला आणि म्हणाला, "हा आवाज ऐकला? वनस्पतीपासून बनलंय ना, म्हणून. सनचिप्सची गोष्ट माहितीये?" गोष्ट खरी आहे. २०१० साली अमेरिकेत या वेफर्सची मक्यापासून बनवलेली पिशवी इतकी वाजायची की लोक वैतागले आणि कंपनीने त्याच वर्षी बहुतेक चवींसाठी जुनी पिशवी परत आणली. ती पिशवी पीएलए या वनस्पतीजन्य प्लॅस्टिकची होती. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखं ताठ असतं, म्हणून तो खणखणाट. एवढी खरी गोष्ट सांगणारा माणूस खोटी पिशवी विकेल हे मला सुचलंच नाही. शिवाय पहिल्या खेपेला ज्या आवाजाने माझा घात केला, त्याच आवाजावर मी पुन्हा विश्वास ठेवला. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

कंपोस्टेबल हातपिशव्यांत बहुधा पीबीएटीसारखं कुजणारं मऊ प्लॅस्टिक मिसळलेलं असतं आणि त्या फारशा वाजत नाहीत, हे मला माल आल्यावर कळलं. मग पाण्याची चाचणी केली. बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला, बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाकला आणि तुकडा तळाशी नेऊन सोडला. बुचासारखा वर आला. पीएलएची घनता १.२४, पीबीएटीही पाण्याहून जड, स्टार्च तर आणखी जड. यातलं काहीही असतं तर तुकडा बुडाला असता. तरंगणारं ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. उलट मात्र खरं धरू नका: भरपूर फिलर घातलेलं साधं प्लॅस्टिकही बुडतं. जाळून वास घ्यायचा सल्ला देणारे भेटतील, तो ऐकू नका. पीव्हीसी निघालं तर धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं.

एक तुकडा कुंडीतही पुरला होता. आठ महिन्यांनी काढला तेव्हा त्यावरचं हिरवं पान आणि "निसर्गाकडे परत" ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. अर्थात ही चाचणी न्याय्य नाही, कारण खऱ्या कंपोस्टेबल पिशवीलाही कुंडीत मिळत नाही अशी उष्णता लागू शकते. प्लायमाउथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात "बायोडिग्रेडेबल" म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत राहूनही सामान उचलण्याइतकी शाबूत निघाली होती. म्हणून पिशवीवरच्या शब्दाला महत्त्व देऊ नका, मानकाचा क्रमांक आणि प्रमाणपत्र मागा: ईएन १३४३२ किंवा आयएसओ १७०८८. प्रमाणपत्रावर कुणाचं नाव आहे तेही बघा. मला दाखवलेलं प्रमाणपत्र खरं होतं, फक्त ते दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचं होतं.

आता मी मागणीपत्रात "एका पदराची जाडी" असं लिहिते, शंभर नगांचं वजन आधीच लिहून घेते आणि नमुन्यावर दोघांच्या सह्या घेते. पहिल्याच दिवशी गठ्ठा काट्यावर ठेवते.

पैसे दोघांकडूनही परत आले नाहीत. दुसऱ्याला मी पाण्याच्या चाचणीचं चित्रण पाठवलं होतं, तुकडा वर येतानाचं. त्याचं उत्तर अजून जपून ठेवलंय: "ताई, पिशवी सामान भरायला असते, पाण्यात कशाला बुडवता?"