शॉकॉपच्या ड्रेनचे आटे गेले: हेलिकॉइल की पितळी बुश?

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकॉपचं तेल बदलायला बसलात आणि ड्रेनचा, म्हणजे तेल काढायच्या भोकाचा, स्क्रू नुसताच गरगर फिरला, तर चूक बहुतेक वेळा आपलीच असते. तांब्याचा वायसर वर्षानुवर्षं तोच. तो दबून कडक झालेला, म्हणून तेल पाझरतं, म्हणून आपण अजून थोडं आवळतो. बॉटम केस, म्हणजे शॉकॉपचा खालचा नळा, ॲल्युमिनियमची, सहा मिलिमीटरचे आटे सोसून किती सोसणार? मीही असेच घालवले.

आधी एक खात्री करा. वरच्या ऑइल सीलमधून आलेलं तेलसुद्धा केसवरून ओघळून ड्रेनपाशीच जमतं. सगळं पुसून टाल्कम पावडर मारा, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-बारा वेळा दाबा. पावडर जिथून ओली व्हायला लागते, गळती तिथली. सील गेलं असेल तर ते काम वेगळं.

हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची स्प्रिंग, मी घरीच बसवली. ६.३ मिलिमीटरचं ड्रिल, किटातला आटे पाडायचा टॅप, मग स्टेनलेस तारेची स्प्रिंग आत फिरवायची. अर्ध्या तासाचं काम. शेवटी तारेची शेपटी मोडायची असते, ती माझी टुणकन केसमध्येच पडली आणि चुंबकाला दाद देईना. शॉकॉप उघडलेला होता म्हणून वाचलो. आटे मात्र मूळच्यापेक्षा मजबूत झाले, हे मान्यच करायला हवं.

पंधरा दिवसांनी पोर्चच्या फरशीवर रुपयाएवढा डाग. पुसला, चार दिवसांनी परत. नवा वायसर घातला, तरी तेच. स्प्रिंग काढून पाठीमागे थ्रेडलॉकर (आटे जाम करणारा चिकट द्रव) लावून नवी बसवली, दोन महिने बरं गेलं आणि पावसाळ्यात गगनबावड्याला जाऊन आल्यावर पुन्हा सकाळी डाग. गळती म्हणावी एवढी नाही, पण रोज सकाळी आधी खाली वाकून बघायची सवय लागते, तीच मला सोसेना. माझ्या हातचा दोष असेलही. उद्यमनगरातल्या टर्नरनं भोक बघितलं आणि म्हणाला, "स्प्रिंगाच्या मागनं वाट हाय की, तेल येणारच." टॅपनं भोक सव्वासात मिलिमीटरच्या वर गेलेलं, त्यामुळे दहाच्या वायसरला बसायला उरते ती बारीकशी कडा. तिथंच तेल बाहेर पडत होतं.

त्यानं लेथवर पितळी बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली नळी, करून दिला: बाहेरून दहाचे बारीक आटे, आतून सहाचे. भोक नऊचं केलं, बुशला थ्रेडलॉकर लावून बसवला, तोंड केसशी सपाट केलं आणि रात्रभर तसाच ठेवला. आता वायसर पूर्णपणे पितळेवरच बसतो. दुसऱ्या शॉकॉपला मी हेलिकॉइलच्या वाटेला गेलोच नाही. दोन पावसाळे झाले, फरशी कोरडी आहे.

खोटं कशाला बोलू, बुशात कटकट आहे. केस उतरवून न्यावी लागते, लेथ रिकामी होईपर्यंत चहा प्यावा लागतो, आणि भोक वाकडं पडलं तर केसच गेली. एक्सल आवळणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टाचे आटे गेले असतील तर मात्र मी डोळे झाकून हेलिकॉइल घालीन. तिथं तेलाचा संबंधच नाही, आणि किटातल्या उरलेल्या कॉइलीही पडून आहेत. ड्रेनला बुश करायचा असेल तर भोकाभोवतीचा धातू आधी व्हर्नियरनं मोजून घ्या. बुशाभोवती सगळीकडून पुरेशी जाडी उरत नसेल, तर टर्नर स्वतःच नको म्हणेल.