गरगरतं की तोल जातो? कोणती चाचणी आधी करावी

चक्कर येते म्हणून गेलेल्या माणसाच्या हातात बऱ्याचदा चार-पाच चाचण्यांची नावं पडतात. त्या एकमेकींना पर्याय नाहीत. म्हणून आधी आपली तक्रार नीट ओळखावी: निजलेलं असतानाही खोली फिरते, की उभं राहिल्यावर, चालतानाच तोल जातो?

तोल एकट्या कानाचा नसतो. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याची खबर देतात, शेजारच्या दोन पिशव्या ते कलल्याची. भोवताल डोळ्यांना दिसतो, जमीन तळपायांना आणि सांध्यांना कळते. या खबरांचा मेळ मेंदू घालतो आणि एक कच्ची पडली तर बाकीच्यांवर भागवतो. उजेडात नीट चालणारा माणूस अंधारात भिंत का धरतो, ते यातून कळतं. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायची राँबर्ग चाचणी नेमका डोळ्यांचा हा आधार काढून घेते. पण तोल गेला तर दोष पायांच्या नसांचा की कानाचा, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद गरगरत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: कुठल्याही यंत्राआधी डिक्स-हॉलपाइक चाचणी करून घ्या. १९५२ पासूनची ही चाचणी, तिला फक्त एक खाट लागते. पाय लांब करून बसवतात, मान एका बाजूला ४५ अंश वळवतात आणि पटकन मागे निजवतात. डोकं खाटेच्या कडेखाली किंचित लोंबतं. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं हिसके देत फिरू लागतात, खोली गरगरते आणि साधारण मिनिटाच्या आत सगळं ओसरतं. कानातल्या पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागा सोडून नलिकेत शिरल्याची ही खूण. हे कण एमआरआयमध्ये दिसत नाहीत. उलट इथे निदान झालं, की त्याच खाटेवर डोकं क्रमाने वळवून कण परत जागेवर नेता येतात. त्याला एप्ली पद्धत म्हणतात. मानेचा त्रास असेल तर मात्र आधीच सांगा.

ही चाचणी कोरी गेली, तर प्रश्न येतो पाण्याची चाचणी की व्हीएचआयटी (व्हिडिओ हेड इम्पल्स टेस्ट). कान धुताना पाणी थंड किंवा गरम असलं की चक्कर येते, यामागचं कारण रॉबर्ट बारानी यांनी शोधलं. आतल्या कानावरच्या कामासाठी त्यांना १९१४चं नोबेल मिळालं. आजही एकेका कानात ३० आणि ४४ अंशांचं पाणी सोडून डोळ्यांची हालचाल मोजतात. वेळ लागतो, मळमळतं, आणि तपासली जाते मुख्यतः आडवी नलिकाच. व्हीएचआयटीत कॅमेऱ्याचा चष्मा लावून समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची. तपासणारा डोक्याला छोटे, झटकन हिसके देतो. काही मिनिटांत दोन्ही कानांच्या सहाही नलिका तपासून होतात. तरी नवीन आली म्हणून जुनी बाद, असं नाही. पाण्याची चाचणी अतिमंद हालचालीला कान कसा साथ देतो ते सांगते, व्हीएचआयटी वेगवान हालचालीला. मेनिएर या आतल्या कानाच्या आजारात (चक्करेचे झटके येतात, ऐकूही कमी येतं) पहिली बिघडलेली आणि दुसरी अगदी ठीक, असं पुष्कळदा दिसतं. मी आधी सोपी व्हीएचआयटी निवडेन; ती ठीक येऊनही त्रास राहिला, तर पाण्याची टाळू नये.

हलत्या फळीवर उभं करून सहा स्थितींत तोल मोजणारं यंत्रही असतं. आपण कोणत्या खबरेवर जास्त विसंबतो हे त्यातून दिसतं, आजाराचं नाव कळत नाही. व्यायामाने किती फरक पडला हे पाहायला ते चांगलं. घरातलं वयस्क माणूस पडेल का, एवढीच काळजी असेल तर खुर्ची आणि घड्याळ पुरे: उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरतात.

अचानक सुरू झालेली चक्कर थांबतच नसेल, शिवाय दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं किंवा आधाराशिवाय उभंच न राहता येणं असेल, तर यातलं काही ठरवत बसू नका. थेट तातडीच्या विभागात जा.

बाकीच्यांनी चाचणीची वेळ घेताना चक्करेच्या गोळ्या चालू असल्याचं जरूर सांगावं. त्यांतल्या काही बुबुळांचे हिसके दाबतात आणि चाचणी खोटीच चांगली येते. किती दिवस आधी थांबवायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.