मोफत एआय सहायक चोपड्याच्या सेवा केंद्रात : सहा महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातील माझ्या सेवा केंद्रात सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला अशा कामांसाठी सकाळपासून रांग असते आणि तिच्यातल्या निम्म्या लोकांना अर्जाचा मजकूरही लिहून हवा असतो. गेल्या हिवाळ्यापासून हा मजकूर तयार करण्यासाठी आणि शेतकऱ्यांच्या शंकांची उत्तरे शोधण्यासाठी मी चार एआय सहायक रोज वापरत आहे : ओपनएआयचे चॅटजीपीटी, गुगलचे जेमिनी, मायक्रोसॉफ्टचे कोपायलट आणि व्हॉट्सॲपमध्येच असलेले मेटा एआय. ‘यातले कोणते घ्यावे?’ असे गिऱ्हाइके आता मलाच विचारू लागली आहेत, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे.

किमतीचा मुद्दा आधी संपवतो. २०२५च्या जुलैमध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या आणखी एका एआय सहायकाची सशुल्क योजना वर्षभर मोफत दिली, ऑक्टोबरअखेर जिओने गुगलची जेमिनी प्रो योजना १८ महिन्यांसाठी मोफत जाहीर केली आणि ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने, महिना ३९९ रुपयांना आणलेली चॅटजीपीटी गो ही योजना भारतात वर्षभर फुकट केली. चार महिन्यांच्या आत तीन कंपन्यांनी एकाच देशात दुकान खुले करून द्यावे, यावरून त्यांच्यातली चढाओढ कुठवर आली आहे ते दिसते. ज्याच्या हाताला आज जे वळण पडेल, तो उद्या पैसे देऊनही तेच वापरेल, हा त्यामागचा हिशेब उघड आहे. म्हणून सवलत घेताना मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, एवढेच माझे सांगणे आहे.

आता मराठीविषयी, कारण आमच्यासाठी खरी परीक्षा तिथेच आहे. हे सहायक वाक्य वाचताना त्याचे लहान लहान तुकडे करतात, त्यांना टोकन म्हणतात. जितके तुकडे जास्त, तितका वेळ आणि खर्च जास्त. सुरुवातीच्या यंत्रणा इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या असल्याने देवनागरी मजकुराची अक्षरशः चिरफाड व्हायची. मे २०२४मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीसाठी जीपीटी-४ओ हे नवे मॉडेल आणले तेव्हा कंपनीनेच दाखवलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले होते. स्पर्धेमुळे आपल्या भाषेचा प्रत्यक्ष फायदा झाल्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत नाही. चारही सहायकांची मराठी आज अर्जापुरती शुद्ध आहे, ‘महोदय’ ते ‘आपला विश्वासू’पर्यंतचा साचा त्यांना पाठ आहे, आणि ज्या पत्रासाठी मला पूर्वी अर्धा तास लागे ते आता पाच मिनिटांत होते.

पण हे झाले पुस्तकी मराठीचे. पुढे जे दोष सांगणार आहे, ते सांगताना मी नावे घेतलेली नाहीत. एका सहायकाने या महिन्यात केलेली चूक पुढच्या महिन्यात नव्या आवृत्तीत दुरुस्त होते आणि तोवर तीच चूक दुसऱ्याकडून होते, असे मी वारंवार पाहिले आहे. नाव लिहून ठेवले तर हे परीक्षण वाचकाच्या हाती पडेपर्यंत खोटे ठरेल.

केळीच्या भावाचे घ्या. आमच्याकडे नवती, पिलबाग, कांदेबाग आणि वापसी असे मालाचे प्रकार पडतात आणि भाव त्यावरून ठरतो. नवती म्हणजे नव्याने लावलेली बाग आणि पिलबाग म्हणजे पहिले पीक कापल्यावर बुंध्याशी आलेले पील राखून घेतलेली बाग, हे केळी पट्ट्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘नवती आणि पिलबाग यांच्या भावात फरक का असतो?’ असे मी चौघांना विचारले. दोघांनी नीट उत्तर दिले. तिसऱ्याने पिलबाग हे गावाचे नाव समजून तिथल्या बाजारभावावर दोन परिच्छेद लिहिले. चौथ्याने हा शब्द आपल्याला अपरिचित आहे, कृपया अर्थ सांगावा, असे कळवले, आणि हे चौथे उत्तर मला नीट उत्तराइतकेच मोलाचे वाटले.

हरण्याचा प्रसंग त्याहून गंभीर आहे. कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे केळीवर येणाऱ्या रोगाला आमचे शेतकरी हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंग्याची, म्हणजे नव्या कोवळ्या पानाची, वाढ खुंटते, आणि त्यावर औषध नसल्याने रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करणे, तण काढून बाग स्वच्छ ठेवणे आणि विषाणू पसरवणाऱ्या मावा या किडीचा बंदोबस्त करणे एवढेच हाती राहते. एका शेतकऱ्याने काउंटरवर उभे राहून ‘बागेत हरण्या आला आहे, काय करू?’ असे माझ्याच मोबाइलवर विचारले, तर एका सहायकाने हरणांचा उपद्रव रोखण्यासाठी तारेचे कुंपण घालण्याचा आणि वन विभागाला कळवण्याचा सल्ला दिला. उत्तराची भाषा इतकी आत्मविश्वासाची होती की, ज्याला रोगाचे नाव माहीत नाही त्याला शंका येण्याचे कारणच नव्हते. त्या शेतकऱ्याला माहीत होते. त्याने माझ्याकडे पाहिले, मोबाइल परत दिला आणि सरळ कृषी सहायकाला फोन लावला. पुढे रोगट पानाचा फोटो काढून मी त्याच एआय सहायकाला दाखवला, तेव्हा मात्र त्याने विषाणूजन्य रोगाचा संशय व्यक्त करून झाड उपटण्याचा योग्य सल्ला दिला. म्हणजे डोळा तयार आहे, पण कान अजून खानदेशात यायचा आहे.

बोलून विचारण्याच्या सोयीविषयी मला फार आशा होती, कारण टंकलेखन न येणाऱ्या माणसाला हीच वाट मोकळी आहे. प्रमाण मराठी सावकाश बोलली तर चौघांनाही बरीचशी कळते. पण अमळनेरच्या बाजूचा माणूस येऊन अहिराणीत ‘मना बागमा हरण्या उना शे, काय करू?’ म्हणाला, की ‘उना शे’चे, म्हणजे ‘आला आहे’चे, कधी ‘उन्हाचे’ होते, कधी ‘उणीशी’. २०११च्या जनगणनेत ‘खानदेशी’ भाषेच्या नोंदीखाली १८ लाखांहून अधिक लोक आहेत, परंतु ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. भारतीय भाषांसाठीचा केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प २०२२मध्ये सुरू झाला आणि मद्रास आयआयटीच्या एआय४भारत गटाने २२ अनुसूचित भाषांसाठी भाषांतराची मोकळी यंत्रणा उपलब्ध केली. हे काम मोठे आहे आणि मराठीला त्याचा लाभ आहे, पण अहिराणी आणि लेवा गणबोली त्या यादीबाहेर राहतात. ज्या मातीत बहिणाबाईंनी ओव्या रचल्या, तिथल्या बोलीला हे यंत्र ‘अस्पष्ट आवाज’ म्हणते, तेव्हा मनापासून वाईट वाटते.

सर्वांत मोठी तक्रार अजून सांगायची आहे. केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा या निकषांवर, संबंधित हवामान केंद्राच्या नोंदीवरून भरपाई ठरते. एका शेतकऱ्याला त्या नोंदींची प्रत मागायची होती. एका सहायकाने उत्तम अर्ज लिहून दिला, आणि मी मागितले नसताना त्यात शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांकही घातला. क्रमांकाची ठेवण अगदी खऱ्यासारखी असल्याने मी तो तपासला नाही, ही माझीही चूक. दुपारी शेतकरी तालुक्याच्या ठिकाणाहून परत आला आणि त्याने अर्ज काउंटरवर ठेवला. त्या क्रमांकाभोवती लाल शाईने गोल केला होता. मी शासनाच्या संकेतस्थळावर तासभर शोधले. असा निर्णय कुठेच नव्हता. सहायकाला जाब विचारला, तर त्याने दिलगिरी व्यक्त करून दुसरा क्रमांक दिला. तोही खोटाच निघाला. त्या शेतकऱ्याचा एक दिवस आणि बसभाडे गेले, ते मी भरून दिले. तेव्हापासून कोणत्याही सहायकाने लिहिलेला क्रमांक, दिनांक, रक्कम आणि कलम मूळ कागदावर पाहिल्याशिवाय माझ्या केंद्रातून बाहेर जात नाही. आधार कार्ड आणि बँक पासबुकाचे फोटो तर मी यातल्या एकालाही दिलेले नाहीत.

या क्षेत्रात आघाडीवर कोण, हा प्रश्न वर्तमानपत्रे वर्षातून अनेकदा विचारतात आणि दर वेळी उत्तर वेगळे येते. ट्रान्सफॉर्मर नावाच्या ज्या संगणकीय रचनेवर हे सगळे सहायक उभे आहेत, ती गुगलच्या संशोधकांनी २०१७मध्ये मांडली. पण गप्पा मारणारा सहायक म्हणून ती सर्वसामान्यांच्या हातात मोठ्या प्रमाणावर पडली ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, ओपनएआयच्या चॅटजीपीटीतून. त्या कंपनीत मायक्रोसॉफ्टने २०१९मध्येच १०० कोटी डॉलर गुंतवले होते. चॅटजीपीटीला घाईने उत्तर द्यायला निघालेल्या गुगलच्या बार्ड या सहायकाने फेब्रुवारी २०२३मध्ये जाहिरातीतच अवकाश दुर्बिणीविषयी चुकीचे विधान केले आणि गुगलची मूळ कंपनी असलेल्या अल्फाबेटचे बाजारमूल्य सुमारे १०,००० कोटी डॉलरने उतरले. वर्षभरात तेच बार्ड जेमिनी या नावाने पुन्हा उभे राहिले. मेटाने जुलै २०२३मध्ये आपले लामा २ हे मॉडेल इतरांना व्यवसायासाठीही वापरता येईल असे खुले केले. आणि २७ जानेवारी २०२५ रोजी, डीपसीक या चिनी कंपनीच्या कमी खर्चात घडवलेल्या मॉडेलची चर्चा पसरताच एआयसाठीच्या चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ६०,००० कोटी डॉलरने घसरले. पुढे ते सावरलेही.

आमच्या केळीच्या धंद्यात बाग एकाची, गाडी दुसऱ्याची आणि बोर्डाचा भाव, म्हणजे जाहीर होणारा दर, तिसऱ्याच्या हातात असतो. इथेही काहीसे तसेच आहे. चिप एन्व्हिडियाकडे, मोठमोठी संगणक केंद्रे मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आणि गुगलकडे, आणि गिऱ्हाइकापर्यंतची वाट ज्यांच्याकडे अँड्रॉइड किंवा व्हॉट्सॲप आहे त्यांच्याकडे. माझ्या केंद्रात येणाऱ्या बहुतेकांनी मेटा एआय प्रथम पाहिले ते यामुळेच. व्हॉट्सॲपमध्ये ते आपोआप आलेले होते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागले नाही. गुणवत्तेच्या तक्त्यात कोण पहिला आला, याचा त्या निवडीशी काडीचाही संबंध नव्हता. मला मात्र हे तक्ते अपुरे वाटतात. गणित, संगणकाचे प्रोग्राम आणि इंग्रजी प्रश्नपत्रिका यांवर गुण मोजले जातात. ‘मला हा शब्द माहीत नाही’ असे वेळेवर म्हणण्याला गुण कोण देतो? माझ्या काउंटरवर पहिला नंबर त्या गुणाचा आहे.

गुण द्यायचेच तर अर्ज आणि पत्रलेखनासाठी पाचपैकी साडेचार, फोटोवरून रोग ओळखण्यासाठी साडेतीन, बोलीभाषेसाठी एक आणि सरकारी नियमांच्या अचूकतेसाठी दीड, असे मी चौघांना मिळून देईन. सध्या मी अर्ज एका सहायकाकडून लिहून घेतो आणि दुसऱ्याला त्यातल्या चुका काढायला सांगतो. दोघे वेगळ्या कंपन्यांचे असले, की एकाची थाप दुसऱ्याला बऱ्याचदा सापडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने अशी जोडीच घ्यावी. दोन्ही फुकट असताना एकालाच धरून बसण्याचे काही कारण नाही.

काउंटरच्या खणात मी एक वही ठेवली आहे. सहायकांना न कळलेला शब्द, त्यांनी लावलेला अर्थ आणि आमचा खरा अर्थ असे तीन रकाने तिच्यात आहेत, आणि नवी आवृत्ती आली की तेच शब्द पुन्हा विचारतो. गेल्या आठवड्यात विचारले तेव्हा चौघांपैकी तिघांना हरण्या हा केळीचा रोग आहे हे कळले होते. ‘उना शे’ अजून एकालाही ऐकू आलेले नाही.