आठ गिअरची जाहिरात, सात गिअरची सायकल

पुण्यात एका नोकरदाराने रोज ऑफिसला जायला जुनी रोड बाइक घेतली, अठरा हजारांना. जाहिरातीत होतं: शिमानो क्लॅरिस (शिमानो कंपनीचा गिअर संच), अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमची फ्रेम, वर्षभर वापरलेली. विक्रेत्याने संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल दाखवली. चेन नवीकोरी, टायर पॉलिशने चकचकीत. सपाट जागेत दोन चकरा झाल्या, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी फ्लायओव्हरच्या चढावर उभं राहून जोर लावला तशी चेन सटकली, पाय पॅडलवरून निसटला. मागे बस होती.

सगळी लबाडी त्या नव्या चेनमध्ये आहे. चेन झिजली की लांबते आणि कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, दातही आपल्यासोबत खाते. विक्रेता फक्त चेन बदलतो, कॅसेट जुनीच ठेवतो. हलक्या पॅडलिंगला काही कळत नाही, जोर आला की नवी चेन झिजलेल्या दातांवरून उडी मारते. कॅसेटच्या मधल्या चकत्या जास्त वापरल्या जातात, तिथले दात निरखून पाहा. एका बाजूला आकड्यासारखे झुकलेले दिसले तर कॅसेट संपली. चाचणी चढावरच घ्या, प्रत्येक गिअरमध्ये, पॅडलवर उभं राहून. विक्रेता चढावर न्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.

चेन जुनी असेल तर मोजता येते. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. एक सूत (इंचाचा आठवा भाग) पुढे गेली म्हणजे चेनसोबत बहुधा कॅसेटचाही खर्च आला.

क्लॅरिसला मागे आठ चकत्या असतात. या सायकलला सात निघाल्या, म्हणजे टूर्नी, शिमानोचाच क्लॅरिसहून स्वस्त संच. जाहिरातीतले फोटो दुसऱ्याच सायकलचे होते. ऑफिसला जायला सात गिअर पुरतात, पण भाव सातचाच द्यायचा. स्वस्त सात गिअरमध्ये बऱ्याचदा कॅसेटऐवजी हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसणारं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, एक्सलचा मोठा भाग आधाराविना असतो आणि खड्ड्यांत एक्सल वाकतो. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. वाकडा असेल तर टोक डुलताना दिसेल.

रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड दाबणारे ब्रेक, असतील तर रिमच्या बाजूवर स्टीलची पट्टी उभी टेकवा. मधून उजेड दिसला तर रिम आत झिजली आहे. पावसाळ्यात चिखल-वाळूने ती झपाट्याने झिजते, आणि अशी रिम फुटते ती ट्यूबमधल्या हवेच्या दाबाने, चालत्या सायकलवर.

फ्रेमला लोहचुंबक लावा; चिकटला तर अलॉय नाही. हँडलखाली पुढची नळी जोडलेली असते तिथे नवं स्टिकर असेल तर काढायला सांगा, खाली तडा सापडू शकतो. तडा गेलेल्या अलॉय फ्रेमला कोपऱ्यावरच्या दुकानात वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो.

पॅडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला फ्रेम नंबर खरवडलेला असेल तर सायकल चोरीची असू शकते, घेऊ नका. नंबर असेल तर तो पावतीवर लिहून विक्रेत्याची सही घ्या. सायकल बघण्याआधी टोकन पाठवू नका. पाठवलं आणि समोरच्याचा फोन बंद लागला, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.