ईस्टरसाठी घेतलेले हेडफोन: सहा महिन्यांनंतर

फेब्रुवारीच्या शेवटी वायरचे, अख्खा कान झाकणारे हेडफोन घेतले ते एकाच कामासाठी. ईस्टरपर्यंत जर्मन संगीतकार बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांची गाण्यांत सांगितलेली कथा, नीट ऐकून काढायचं होतं. कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चला जाणाऱ्या सहकाऱ्यानं ते डोक्यात भरवलेलं. माझा कान पोसलाय इथल्या देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या मैफलींवर, त्यामुळं पहिला आठवडा समेची वाट बघण्यातच गेला.

त्यात फोनवर फुकटचं अ‍ॅप. गाण्यांचा क्रम त्याच्या मर्जीचा. येशूला कबरीत ठेवलं, मग जाहिरात, आणि त्यानंतर यहूदा मुका घेऊन दगा देतोय! पैसे भरले तर क्रम लागला, पण दोन तुकड्यांच्या मधे आवाज तुटायचाच. शेवटी कुणाकडून तरी जुन्या तीन सीड्या आणल्या. पावणेतीन तासांचा ऐवज आहे.

हेडफोनचे पैसे पहिल्याच समूहगीतात वसूल झाले. 1727 च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या चर्चमध्ये बाखनं दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद बसवले होते. एक वृंद म्हणतो 'बघा', दुसरा विचारतो 'कुणाला?' हे डाव्या-उजव्या कानात वेगवेगळं पडतं, आणि दोघांच्या वरून पोरांच्या आवाजातलं भजन तरंगत जातं. ब्लूटूथच्या डब्यावर याचा नुसता गलका व्हायचा.

जर्मन कळत नाही. पण यातली कथा बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 26 आणि 27 या दोन अध्यायांचीच, म्हणून सहकाऱ्याचं मराठी बायबल मांडीवर घेऊन बसलो आणि एकदम उलगडलं. अहो, हे तर कीर्तन! एक जण आख्यान सांगत जातो, मधेच कथा थांबवून कुणीतरी पद आळवतं, आणि सगळे मिळून साधी, ओळखीची चाल म्हणतात. त्यातली एक चाल पाच वेळा येते, तीच, पण खालचे स्वर बदललेले. येशू बोलतो तेव्हा त्याच्यामागं तंतुवाद्यांची सावली असते. क्रुसावर 'एली, एली' (माझ्या देवा, माझ्या देवा) म्हणताना मात्र ती नसते. तिथं मी दोनदा सीडी थांबवली.

गुड फ्रायडेच्या रात्री हायडन या संगीतकाराचे, येशूच्या क्रुसावरच्या उद्गारांवरचे 'सात अखेरचे शब्द' लावले, नुसत्या चार तंतुवाद्यांचे. एकामागून एक संथ भाग. हेडफोन काढून डब्यावर लावले होते, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. शेवटचा भाग येशूच्या मृत्यूवेळच्या भूकंपाचा, हे घरच्यांना सांगायचं राहिलं. आई लाटणं घेऊनच बाहेर आली.

तक्रार एकच. जुलैच्या पावसात कानावरच्या गाद्यांचं रेक्झीन सोलून काळे कपटे गालाला चिकटायला लागले. कंपनीकडं सुट्ट्या गाद्या नाहीत म्हणे. आईनं जुन्या बनियनच्या खोळी शिवून दिल्या, त्यावर निभावतंय. गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांना मात्र हे हेडफोन वाया. दोन्ही कानांत एकच आवाज, त्याला आपला डबाच बरा.