पॅकर्स-मूव्हर्स की स्वतः केलेला टेम्पो?

आम्ही दोन्ही करून पाहिलंय. पहिल्यांदा डोंबिवली पूर्वेहून पश्चिमेला गेलो तेव्हा ओळखीतल्या माणसाचा टेम्पो केला. चार वर्षांनी डोंबिवलीहून पुण्याला आलो तेव्हा पॅकर्सना बोलावलं. त्यामुळे घर बदलायचं म्हणून कोणी विचारलं की मी आधी दर सांगत नाही, दोन गोष्टी विचारते: सामान किती लांब जायचंय आणि माळ्यावर काय काय आहे?

माळ्याचं आधी सांगते, कारण तिथे आमचा हिशेब चुकला. पॅकर्सचा दर ठरतो तो सामानाच्या यादीवर. मी फोनवर सांगितलं: पलंग, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, डायनिंग टेबल, पंधरा खोकी. माळ्यावरची पितळी भांडी, गणपतीची आरास, जुनी शिलाई मशीन, सासूबाईंची ट्रंक यातलं काहीच आठवलं नाही. निघायच्या दिवशी खोकी पंचवीसच्या वर गेली, आणि अर्धं सामान गाडीत चढल्यावर जादा पैशांची गोष्ट निघाली. तेव्हा नाही म्हणता येत नाही. म्हणून पॅकर्स ठरवायचे तर माणूस घरी येऊन सामान बघू दे, नाहीतर व्हिडिओ कॉलवर माळा, बाल्कनी, पलंगाखालचे कप्पे सगळं उघडून दाखवा आणि ठरलेली रक्कम यादीसकट लेखी घ्या. जिन्याचे, लिफ्ट नसल्याचे, पलंग-कपाट खोलून पुन्हा जोडण्याचे पैसे त्यात आहेत का, तेही त्याच कागदावर.

शहर बदलत असेल तर आणखी एक प्रश्न: गाडी फक्त आपली, की पार्ट लोड? पार्ट लोड स्वस्त पडतं, पण सामान आधी गोडाऊनला जातं, दुसऱ्यांच्या सामानाबरोबर भरलं जातं आणि कधीकधी वाटेत गाडीही बदलते. प्रत्येक चढ-उतारात काहीतरी फुटतं. डोंबिवली-पुणे हा काही तासांचा रस्ता, पण पार्ट लोडमध्ये सामान दोन-तीन दिवसांनीही येऊ शकतं. एवढ्या अंतरासाठी मी पूर्ण गाडीच घेईन. नागपूर, बंगळुरू असेल आणि सामान थोडं असेल तर पार्ट लोडचा विचार जरूर करा.

टेम्पोचं गणित वेगळं. छोटा हत्ती (टाटा एस) साधारण सात फुटी, पाऊण टनाचा. वन आरकेचं सामान एका फेरीत मावतं. वन बीएचकेला कपाट आणि डबलबेड असेल तर दोन फेऱ्या धराच. डोंबिवलीत रेल्वेच्या पुलावरच्या ट्रॅफिकमुळे आमची दुसरी फेरी रात्री नऊला संपली, आणि तोवर नव्या सोसायटीची सामान चढवायची वेळ टळून गेली होती. सेक्रेटरींना विनवण्या कराव्या लागल्या. फेऱ्या करण्यापेक्षा फोर-ओ-सेव्हन (टाटा ४०७) किंवा चौदा फुटी आयशर अशी मोठी गाडी एकदाच आणलेली बरी. हमाल किती, मजले किती, गाडी दारापर्यंत येते का, हे टेम्पोवाल्याशी आदल्या दिवशीच बोला. गाव बदलत असलात तरी वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, तेव्हा त्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता फुटण्याचं. टेम्पोत फुटलं ते आपलंच. पॅकर्सकडे भरपाई मिळेलच असंही नाही. ‘इन्शुरन्स’ म्हणून जी रक्कम लावतात ती खरोखर विमा कंपनीच्या पॉलिसीची आहे का, ते विचारा आणि पॉलिसी नंबर मागा. आपण स्वतः भरलेल्या खोक्यातल्या वस्तूंची जबाबदारी ते बहुधा घेत नाहीत. बिल्टी, म्हणजे सामान ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, जपून ठेवा. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते.

आज पुन्हा हलायचं झालं तर मी मधला मार्ग घेईन. कपडे, पुस्तकं, स्टीलचे डबे आपले आपण भरायचे (पुस्तकं छोट्याच खोक्यांत, मोठं खोकं कोणाच्यानं उचलवत नाही), आणि काच, टीव्ही, लाकडी सामान पॅकर्सकडून बांधून घ्यायचं. पण त्याच गावात, भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात, मोठं फर्निचर नसताना जात असाल तर पॅकर्सवर पैसे घालवू नका. टेम्पो आणि दोन भाऊबंद पुरतात. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मात्र शेजारच्या गल्लीत जायचं असलं तरी पॅकर्सच बोलवा. ते चार-सहा तासांत घर आवरतात. आपण एकट्याने भरायला बसलो की आठवडाभर घर खोक्यांत राहतं.

तारखेवरही बरंच अवलंबून आहे. महिनाअखेर आणि शाळा संपल्यानंतरचा मे महिना टाळता आला तर टाळा. पितृपक्षात फारसं कोणी घर बदलत नाही, म्हणून गाड्या सहज मिळतात. आपण मानत नसलो तर तो पंधरवडा चांगला.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून ठेवा, उभाच न्या आणि नेल्यावर काही तास लावू नका. भरलेला सिलिंडर सामानाच्या गाडीत घालू नका. कनेक्शन बदलायचं एजन्सीला आठवडाभर आधी कळवा. आणि देव्हाऱ्यातले देव, दागिने, कागदपत्रं, लोणच्याची बरणी कोणत्याच गाडीत द्यायची नाही. आमची कैरीच्या लोणच्याची बरणी पुण्यापर्यंत माझ्या मांडीवर आली.