रेंजफाइंडर कोणता, डेव्हलपर कोणता? कृष्णधवल रोल सुरू करणाऱ्यांसाठी

कृष्णधवल फिल्मवर फोटो काढायचे आणि रोल घरीच धुवायचा, असं ठरवलं की दोन निवडी समोर येतात: कॅमेरा आणि डेव्हलपर, म्हणजे रोल धुण्याचं रसायन. बहुतेकांचा सगळा जीव पहिल्या निवडीत अडकतो, तोही लेन्सच्या नावात किंवा कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारं मीटर आहे की नाही यात. मला हे दोन्ही दुय्यम वाटतं. ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म एक्स्पोजरच्या, म्हणजे तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या बाबतीत फार सोशिक असते. एक स्टॉप कमी पडला किंवा दोन जास्त झाले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), तरी निगेटिव्हवरून चांगला प्रिंट निघतो. फोकस हुकला तर मात्र पुढे कोणीच काही करू शकत नाही. आणि डेव्हलपर गरम असताना २० अंशांची वेळ दिली, तर आकाश नि पांढरे कपडे निगेटिव्हवर इतके दाट होतात की प्रिंटमध्ये त्यांतला तपशील काढताना नाकी नऊ येतात. म्हणून कॅमेरा घेताना फोकसची यंत्रणा पाहा, आणि डेव्हलपर घेताना आपल्या नळाच्या पाण्याचं तापमान.

एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, आपण लेन्समधूनच पाहतो. रेंजफाइंडरमध्ये वेगळ्या खिडकीतून. मधल्या छोट्या चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, लेन्सची रिंग फिरवून त्या एकावर एक आणायच्या. आरसा नसल्यामुळे धक्का बसत नाही, हात स्थिर असेल तर १/१५ सेकंदालाही फोटो निभावतो. तोटा असा, की लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत राहतं.

तीन कॅमेरे शेजारी ठेवून पाहू: जपानी कॅनोनेट क्यूएल१७ जी-३, सोव्हिएत झोर्की-४ आणि जर्मन लायका एम.

कॅनोनेट १९७२ चा. लेन्स ४० मिलिमीटर, एफ/१.७, पक्की बसवलेली. बदलता येत नाही. खिडकीतली चमकदार चौकट फोकसबरोबर सरकते, त्यामुळे जवळच्या माणसाचं डोकं कापलं जात नाही. लेन्समध्येच बसवलेलं पात्यांचं लीफ शटर अगदी हळू आवाज करतं. तुम्ही शटरचा वेग ठरवायचा, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) कॅमेरा ठरवतो. पूर्ण हाताने चालवायला घेतलात तर मीटर बंद होतं. अनेकांना ही उणीव वाटते, मला वाटत नाही, कारण मीटर आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. मूळ मीटर वापरायचंच असेल, तर त्याचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतो. तो आकाराने लहान असल्याने भोवती एक रिंग घालावी लागते, पण काम चोख होतं.

कॅनोनेटची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि आपल्या उन्हात ती पहिल्याच दिवशी जाणवते. शटर १/५०० च्या पुढे जात नाही आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या पुढे मिटत नाही. ४०० च्या फिल्मला भर दुपारी नेमकं एवढंच एक्स्पोजर लागतं, म्हणजे कॅमेरा दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकलेला! त्यामुळे दिवसा एफपी४ प्लससारखी १२५ ची फिल्म घाला किंवा पिवळा फिल्टर लावा. फिल्टर साधारण एक स्टॉप प्रकाश खातो आणि आकाशातले ढगही उठून दिसतात. मीटरचा डोळा फिल्टरच्या आतल्या बाजूलाच असल्याने हिशेब आपोआप जमतो.

झोर्की-४ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यातला. १९५६ ते १९७३ या काळात बनला, तोही लाखांच्या संख्येने, म्हणून आजही स्वस्तात मिळतो. ३९ मिलिमीटरच्या आट्यांच्या लेन्स त्याला बसतात. ज्युपिटर-८ (५० मिलिमीटर, एफ/२) सोबत आली तर सोन्याहून पिवळं. वेग १/१००० पर्यंत, बॅटरी मुळातच नाही. चष्मेवाल्यांसाठी खिडकीला नंबर जुळवायची सोय आहे. ती वापरून चष्मा काढूनच पाहा, कारण खिडकीची धातूची कड काचेवर ओरखडे पाडते. खिडकीत फ्रेमच्या रेषा नाहीत, चौकट अंदाजाने धरावी लागते. आणि एक नियम कायम पाळायचा: आधी फिल्म पुढे सरकवायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

लायका एम३ १९५४ मध्ये आला. फोकसच्या बाबतीत हा तिघांतला निर्विवाद पहिला. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितका फोकस नेमका. लायका एममध्ये ते सुमारे ६९ मिलिमीटर आहे, आणि एम३ ची खिडकी वस्तू जवळपास खऱ्या आकाराची दाखवते. ९० किंवा १३५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडी ठेवून वापरायची असेल तर हाच अचूकपणा लागतो. मात्र ३५ च्या लेन्सची चौकट एम३ मध्ये नाही, त्यासाठी एम२ पाहावा. मीटर हवं असेल तर १९८४ चा एम६. त्याची बॅटरी संपली तरी शटर चालूच राहतं. किंमत बाकी दोघांच्या कितीतरी पट. युद्धकाळातला सोनेरी लायका अगदी स्वस्तात दिसला, तर तो बहुधा झोर्की किंवा फेड या दुसऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्यावर कोरीवकाम करून बनवलेला असतो.

तर मग एवढा अचूकपणा लागतो कोणाला? कॅनोनेटची लेन्स एफ/८ वर ठेवून फोकस तीन मीटरवर लावला, तर अंदाजे दोन ते साडेपाच मीटरमधलं सगळं ठीक दिसतं. आठवडी बाजार, वारी, रेल्वे फलाट इथे बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पण संध्याकाळी घरात, एक मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा एफ/१.७ ला घ्यायचा असेल, तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा उरतो. तिथे रेंजफाइंडर जरा सरकलेला असला तरी डोळ्यांऐवजी कान फोकसमध्ये येतो.

म्हणून जुना कॅमेरा हातात आल्यावर पहिलं काम हे करा. लेन्स अनंतावर लावा आणि किमान दोनेकशे मीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा इमारतीची कड खिडकीतून पाहा. दोन प्रतिमा तंतोतंत जुळायला हव्यात. आडव्या जुळत नसतील तर फोकस चुकणार. उभ्या किंचित खाली-वर असतील तर फोकसला फरक पडत नाही, फक्त डोळ्याला त्रास होतो. मग एक मीटर मोजून पट्टी ठेवा आणि लेन्सवरचा आकडा पडताळा. खिडकीतला दोन प्रतिमांचा चौकोन फिका पडून दिसेनासाच झाला असेल, तर लेन्स कितीही सुंदर असली तरी तो कॅमेरा सोडून द्या. झोर्की आणि लायकाला शटरचा पडदा कापडी असतो. लेन्स काढून अंधाऱ्या खोलीत आत बॅटरीचा झोत टाका आणि मागून पाहा. टाचणीएवढा उजेड दिसला तर पडद्याला भोक आहे. झाकण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून राहिला, तर लेन्स भिंगासारखा पडदा जाळते. कॅनोनेटला ही भीती नाही, त्याचे फक्त मागच्या दाराचे फोम सील चिकट झालेले असतात आणि ते घरी बदलता येतात. बुरशी तिन्ही लेन्सना सारखीच लागते. पावसाळ्यात कॅमेरा चामडी केसमध्ये ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

माझ्या हिशेबाने पहिला कॅमेरा कॅनोनेट, पण तपासलेला. लेन्सा बदलायची हौस असेल आणि दुरुस्ती करणारा ओळखीचा असेल तर झोर्की. लायका घ्यावा तो पोर्ट्रेट आणि लांब लेन्स यांतच मन रमणाऱ्याने.

फिल्मवर फार वेळ घालवत नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल इतिहासजमा झाला, आता दुकानात दिसते ती आयात केलेली फिल्म. एचपी५ प्लस आणि ट्राय-एक्स दोन्ही उत्तम. केंटमियर ४०० एचपी५ बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या हार्मन कंपनीचीच, स्वस्त, हात बसेपर्यंत छान. एकच धरून ठेवा.

आता डेव्हलपर. माहितीपत्रकांतल्या वेळा सहसा २० अंश सेल्सिअसच्या असतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तिशी ओलांडतं. दर अंशाला वेळ साधारण दहा टक्के कमी होते. आता एचपी५ प्लसच्या वेळा पाहा. एचसी-११० हा डेव्हलपर ‘बी’ नावाच्या ठरलेल्या प्रमाणात पातळ केला तर २० अंशांना ५ मिनिटं, म्हणजे २४ अंशांना साडेतीन. एवढ्या कमी वेळात टँकमध्ये (रोल धुण्याच्या डब्यात) द्रावण ओतण्या-काढण्यातच गडबड होते आणि निगेटिव्हवर पट्टे उमटतात. पाच मिनिटांखाली जायचंच नाही, हे पथ्य पाळावं. डी-७६ एकास एक पाण्यात घेतला तर ११ ते १३ मिनिटं, २४ अंशांना साडेसात ते नऊच्या आसपास. रोडिनल एकास पन्नास घेतला तर ११ मिनिटं, २४ अंशांना साडेसात-आठ. आपल्या हवेत पातळ द्रावण आणि लांब वेळ हेच सोयीचं.

डी-७६ १९२७ पासून चालत आलेला. ग्रेन (फोटोत दिसणारे दाणे) बारीक, सावल्यांमध्ये तपशील भरपूर. पण पाकिटातली सगळी पूड एकदम विरघळवावी लागते आणि द्रावण भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतं, अर्धवट बाटलीत त्याहून बरंच कमी. रोडिनलचं पेटंट १८९१ चं. ग्रेन ठसठशीत, सावल्यांमध्ये तपशील किंचित कमी, पण बाटली वर्षानुवर्षं टिकते. महिन्याला तीन-चार रोल धुणार असाल तर डी-७६. दोन महिन्यांत एखादा धुणार असाल तर रोडिनल, आणि मग फिल्म ४०० ऐवजी २५० ची समजून थोडं जास्त एक्स्पोजर द्या.

पाणी थंड करायला पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ पुरतो, पाणी बऱ्याचदा पंचविशीच्या खाली येतं. कोकणातल्या दमट हवेत माठाचं फारसं चालत नाही. तिथे बादलीत बर्फाची बंद पिशवी टाकून बाटल्या त्यात उभ्या करा. डेव्हलपर, फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी यांच्यात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. सुरुवातीला दहा सेकंद आणि मग दर मिनिटाला दहा सेकंद टँक हळुवार उलटासुलटा करा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने, नाहीतर क्षारांचे डाग वाळून बसतात.

घरी धुणं जमणारच नसेल तर तेही ठीक. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही डार्करूमचं काम पॅरिसच्या पिएर गासमान यांच्या लॅबवर सोपवलं होतं. अट एवढीच, की लॅब एकच ठेवायची आणि डेव्हलपर कोणता, वेळ किती हे विचारून लिहून घ्यायचं. जवळच्या लॅबमध्ये फक्त रंगीत रोल धुतले जात असतील, तर इल्फर्डची एक्सपी२ सुपर घ्या. ती कृष्णधवल असूनही रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनांत धुतली जाते. आणि स्कॅन मेलवर आले तरी निगेटिव्ह मागून घ्या, सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून, स्लीव्हमध्ये घालून.